थांबवण्याची विद्या

भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या एका घरात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, ध्वनिफितीचं एक रीळ अर्धशतकाहून अधिक काळ पडून होतं. कल्याणच्या शाळेत माझ्याबरोबर पंचवीस वर्षं शिकवलेल्या बाईंचं ते माहेर. त्यांचे एक काका बोटीवर नोकरीला होते. साठच्या दशकाच्या शेवटी त्यांनी परदेशातून टेपरेकॉर्डर आणला आणि घरातल्या एका लग्नात, हळदीच्या रात्री, बायकांची गाणी त्यावर उतरवून घेतली. कोकणी मुसलमानांच्या घरांत हळदीला बायका कोकणीत गाणी म्हणतात. त्या रात्री गाणाऱ्यांत बाईंची आई होती. पुढे दोन वर्षांतच ती वारली. बाई तेव्हा चार वर्षांच्या होत्या. आईचा चेहरा फोटोत आहे. आवाज आठवत नाही.

टेपरेकॉर्डर केव्हाच भंगारात गेला होता. रीळ वाजवता येईल असं यंत्र बाईंच्या ओळखीत फक्त माझ्याकडे होतं : तीन मोटरांचा, साठच्या दशकाच्या अखेरचा एक युरोपी डेक. ‘सर, एकदा लावून बघू या का?’ असं त्यांनी विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं नाही, याचं कारण डेकचे ब्रेक बिघडले होते. फीत पुढे पळवून थांबवली की डाव्या चाकाशी तिचा सैल घोळ पडायचा. मागे आणताना थांबवली की असा हिसका बसायचा की काळजात धस्स व्हावं. ज्या रिळाची दुसरी प्रत जगात नाही, ते अशा यंत्रावर चढवणं मला धजेना.

या ब्रेकच्या निमित्ताने मी जे वाचलं, मोजलं आणि शेवटी निजामपुऱ्यातल्या एका मागाच्या कारखान्यात शिकलो, त्याचा हा लेख. ध्वनिमुद्रणाचा इतिहास लिहिणारे मायक्रोफोनबद्दल लिहितात, फितीच्या रसायनाबद्दल लिहितात, गायकांबद्दल तर लिहितातच. ब्रेकबद्दल सहसा कोणी लिहीत नाही. पण जुना आवाज आज आपल्यापर्यंत पोचला असेल तर त्यात या दुर्लक्षित भागाचा वाटा मोठा आहे.

*

डेन्मार्कच्या वाल्डेमार पोल्सेन याने १८९८मध्ये ‘टेलिग्राफोन’ या यंत्राचं पेटंट घेतलं. पोलादी तारेला चुंबकत्व देऊन तीवर आवाज साठवायचा, ही त्याची कल्पना. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याचा आवाज असा साठवला. पोल्सेनच्या सुरुवातीच्या यंत्रात तार एका नळकांड्यावर पक्की गुंडाळलेली असे, त्यामुळे सुटण्याचा प्रश्न नव्हता. पण जास्त वेळ मुद्रण हवं तर तार लांब हवी. लांब तार म्हणजे दोन चाकं, एक सोडणारं आणि एक गुंडाळणारं. दोन चाकं आली आणि त्यांच्याबरोबर थांबवण्याचा प्रश्न आला.

तो किती गंभीर होता हे बीबीसीच्या पोलादी पट्टीच्या यंत्रांवरून कळतं. १९३०च्या सुमारास बीबीसीने ‘ब्लाटनरफोन’ घेतला आणि पुढे सुधारलेली मार्कोनी-स्टिल यंत्रं आणली. त्यांतून पोलादाची पातळ पट्टी सेकंदाला दीड मीटर वेगाने धावत असे. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला जवळपास पावणेतीन किलोमीटर पोलाद लागणार, आणि ते सगळं एका चाकावर. असं जड चाक वेगात असताना पट्टी तुटली तर तिची टोकं पात्यासारखी फिरणार, म्हणून यंत्राजवळ काम करणारे दबकून असत. दूरच्या वसाहतींना त्यांच्या सोयीच्या वेळी तोच कार्यक्रम पुन्हा ऐकवण्यासाठी ही यंत्रं उपयोगी पडली. १९३२च्या डिसेंबरात सुरू झालेल्या बीबीसीच्या एम्पायर सर्व्हिसचे श्रोते हिंदुस्थानातही होते.

पोलाद जाऊन आजची ओळखीची फीत आली ती जर्मनीत. फ्रिट्झ फ्लॉइमरने १९२८मध्ये कागदाच्या पट्टीवर लोहचूर्ण चढवण्याचं पेटंट घेतलं. एईजी आणि बीएएसएफ या कंपन्यांनी त्यातून ‘मॅग्नेटोफोन’ उभा केला आणि १९३५च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात तो मांडला. १९ नोव्हेंबर १९३६ रोजी सर टॉमस बीचम यांच्या लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाची मैफल लुडविग्सहाफेन इथे अशा फितीवर मुद्रित झाली. युद्धानंतर जॅक मलिन या अमेरिकन सैनिकी तंत्रज्ञाने दोन मॅग्नेटोफोन सुटे करून घरी पाठवले, १६ मे १९४६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं प्रात्यक्षिक दाखवलं, आणि गायक बिंग क्रॉस्बीच्या पाठबळावर १९४८मध्ये ॲम्पेक्स कंपनीची यंत्रं बाजारात आली. स्वित्झर्लंडच्या विली श्टुडरने तीच जात घरगुती आकारात आणली. त्याचा रेव्हॉक्स ए७७ हा डेक १९६७चा.

पोलादाची जागा प्लास्टिकने घेतली तेव्हा माणसाला असलेला धोका संपला आणि तो फितीकडे वळला. पाव इंच रुंदीची फीत सात इंची रिळावर साधारण ३६६ मीटर मावते. दोनेक मिनिटांत ती मागे गुंडाळायची तर सरासरी वेग सेकंदाला तीन मीटर होतो. अशा वेगात असलेली दोन चाकं थांबवताना मागचं चाक, म्हणजे फीत सोडणारं, क्षणभर जास्त फिरलं तर फितीचा सैल घोळ पडतो आणि तो कुठेतरी अडकून चुरगळतो. ते फारच लवकर थांबलं तर पुढचं चाक फीत ओढत राहतं. ॲसिटेटची जुनी फीत अशा वेळी तुटते, पण स्वच्छ तुटते, जोडता येते. पॉलिएस्टरची फीत तुटत नाही, ताणली जाते. ताणलेला भाग पुन्हा पूर्ववत होत नाही. तिथला सूर कायमचा वाकडा होतो.

म्हणून अट अशी : दोन्ही ब्रेक एकाच वेळी लागावेत, पण सोडणाऱ्या चाकाचा ब्रेक नेहमी गुंडाळणाऱ्यापेक्षा जोराचा असावा, आणि तोही बेताने जोराचा. शिवाय फीत पुढे जाताना डावं चाक सोडणारं असतं आणि मागे येताना उजवं. म्हणजे प्रत्येक ब्रेकने चाकाची दिशा ओळखून आपला जोर बदलायला हवा. हे कुठल्याही विजेच्या मेंदूशिवाय व्हायचं आहे, कारण वीज गेली तेव्हाही ते व्हायला हवं.

*

हे काम करते एक पट्टी. चाकाखालच्या ड्रमभोवती सुमारे अर्धा वेढा घेतलेली पोलादी पट्टी. एक टोक सांगाड्याला पक्कं, दुसरं स्प्रिंगला. पट्टी आणि ड्रम यांच्यामध्ये घर्षणाचं अस्तर. यंत्र चालू असताना सोलेनॉइड, म्हणजे विजेने ओढणारा चुंबक, पट्टी सैल धरतो. वीज तुटली की स्प्रिंग ती आवळते. ड्रम ज्या दिशेने फिरताना पट्टीला पक्क्या टोकापासून दूर ओढतो, त्या दिशेने पट्टी स्वतःहून अधिक घट्ट होते. उलट दिशेने फिरला तर तो पट्टीला पक्क्या टोकाकडे ढकलतो आणि ताण सैलावतो. एकच पट्टी, एकच स्प्रिंग, पण एका दिशेने पकड जोराची, दुसऱ्या दिशेने हलकी.

यामागचं गणित अठराव्या शतकात ऑयलरने मांडलं आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला आयटेलवाइनने अभियंत्यांच्या हाती दिलं. दोर खुंट्याला गुंडाळला की दोन टोकांच्या ताणांचं गुणोत्तर दोनच गोष्टींवर ठरतं : घर्षण किती आणि वेढा किती. खाडीत होडी बांधणाऱ्याला सूत्र माहीत नसतं, पण परिणाम माहीत असतो. घर्षणांक ०.३ धरला तर अर्ध्या वेढ्याला हे गुणोत्तर सुमारे २.६ येतं, पूर्ण वेढ्याला ६.६, आणि तीन वेढ्यांना २८५. म्हणजे तीन वेढे घातले की एका किलोच्या ओढीने २८५ किलो धरून ठेवता येतात. खुंटा किती जाड, याचा त्यात संबंध नाही.

हे सगळं मी कागदावर समजून घेतलं होतं. तरीही दुरुस्ती चुकलो. डावा ब्रेक कमजोर आहे हे दिसत होतं. मी त्याची स्प्रिंग एक खाच पुढे ताणून लावली. घोळ थोडा कमी झाला, गेला नाही. हिसकाही राहिलाच.

*

बाईंचा चुलतभाऊ निजामपुऱ्यात घरचे माग चालवतो. जॉबरचं काम तो स्वतःच करतो. डेक बघायची त्याला उत्सुकता होती, म्हणून मी तो रिक्षात घालून त्याच्याकडे नेला. यंत्रमागांच्या खटखटाटात बोलणं अशक्य होतं. आम्ही बाहेरच्या ओट्यावर बसलो. त्याने झाकण काढलेल्या यंत्रात डोकावून पट्टी आणि ड्रम पाहिला आणि म्हणाला, ‘सर, हे तर बीमचं वजन आहे.’

मग तो मला आत घेऊन गेला. मागाच्या पाठीमागे ताण्याच्या सुताने भरलेला बीम असतो. कापड विणलं जाईल तसं त्यावरचं सूत उलगडत जायला हवं, पण मोकळं सुटता कामा नये. म्हणून बीमच्या टोकांच्या कड्यांभोवती दोर किंवा साखळी गुंडाळतात आणि तिला तरफेने वजन लावतात. बीम घर्षणाने अडलेला असतो. कापड ओढून घेईल तेवढाच सुटतो. बीम रिकामा होऊ लागला की त्याचा घेर लहान होतो आणि तेच घर्षण सुताला जास्त ताण देऊ लागतं, म्हणून जॉबर वजन तरफेवर सरकवून कमी करतो. रिळाचंही असंच असतं : रिकामं होत आलेलं चाक तेवढ्याच ब्रेकने फितीला जास्त ओढ देतं. म्हणून ब्रेक भरल्या आणि रिकाम्या, दोन्ही रिळांवर तपासावा लागतो.

मागाची ही तऱ्हा जुनी आहे. एडमंड कार्टराइटने यंत्रमागाचं पहिलं पेटंट १७८५मध्ये घेतलं. १८४२मध्ये केनवर्दी आणि बुलो यांच्या सुधारणांनी लँकेशायरचा माग आकाराला आला. बाण्याचा धागा तुटला की तो आपोआप थांबे. यंत्रमागाच्या इतिहासात वेगाचं कौतुक होतं, पण थांबता येऊ लागल्यावरच एका विणकराला अनेक माग सांभाळता आले. त्याच जातीचे माग मुंबईच्या गिरण्यांत आले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. बऱ्याच गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत, आणि विणकाम मोठ्या प्रमाणावर भिवंडीसारख्या गावांकडे सरकलं. गिरण्यांनी काढून टाकलेले माग इथल्या लोकांनी घेतले, दुरुस्त केले, चालवले. त्यामुळे भंगारात निघालेलं यंत्र वर्षानुवर्षं चालतं ठेवणं ही भिवंडीत रोजच्या पोटापाण्याची गोष्ट आहे. माझा डेक त्या ओट्यावर परका नव्हता.

जॉबरने बोटाने ड्रमच्या कडेला स्पर्श केला आणि बोट मला दाखवलं. ‘तेल कुणी दिलं?’

तेल मीच दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी मोटर कुरकुरत होती म्हणून बेअरिंगला, आणि जरा जास्तच. ते फिरत फिरत ड्रमवर चढलं होतं. ‘पावसाळ्यात दोर ओला झाला की बीम अडकतो, आणि तेल लागलं की सुटतो,’ तो म्हणाला. ‘वजन वाढवून काय उपयोग? दोर आधी कोरडा करा.’

माझी चूक नेमकी इथे होती. स्प्रिंग ताणली की दोन्ही दिशांचा जोर सारख्याच पटीत वाढतो; त्यांच्यातलं गुणोत्तर बदलत नाही. ते घर्षण आणि वेढा यांवरच ठरतं. मासळीवाले वापरतात तसला स्प्रिंगचा काटा आणि सुतळीचा तुकडा घेऊन आम्ही मोजलं. रिकाम्या रिळाच्या मधल्या भागाला सुतळी गुंडाळायची, काट्याने एकसारखं ओढायचं, आणि चाक फिरत असताना आकडा वाचायचा. उजवीकडे जोराच्या दिशेने ४४० ग्रॅम, हलक्या दिशेने १७०. डावीकडे, स्प्रिंग ताणलेली असूनही, १६५ आणि १२०. फीत पुढे जाताना सोडणाऱ्या डाव्याचे १६५ आणि गुंडाळणाऱ्या उजव्याचे १७० : सोडणारा कमजोर, म्हणून घोळ. मागे येताना सोडणाऱ्या उजव्याचे ४४० आणि गुंडाळणाऱ्या डाव्याचे १२० : फरक फार, म्हणून हिसका. दोन बिघाड वाटत होते. कारण एकच होतं.

दुरुस्ती अशी झाली. प्लग काढला आणि यंत्र थोडा वेळ तसंच ठेवलं, कारण आतले कपॅसिटर काही काळ वीज धरून असतात. पट्टी आधी कशी बसली आहे याचा फोटो घेतला. पट्टी उतरवताना तिला घडी पडू दिली नाही. एकदा वाकलेली पट्टी ड्रमला सगळीकडून सारखी टेकत नाही. जॉबरने सवयीने सुताचं वेस्ट पुढे केलं, मी नको म्हटलं, कारण त्याचे तंतू मागे राहतात. धुतलेल्या मलमलीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ड्रम आणि पट्टी पुसली. फडक्याला डाग पडेनासा होईपर्यंत, आठ-दहा वेळा. अस्तर कोरडं घासलं नाही : जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ छातीत जाणं वाईट. पुसलेल्या भागाला पुन्हा बोट लावलं नाही. बेअरिंगजवळचं जादा तेल टिपलं. आणि स्प्रिंग तिच्या मूळ खाचेत परत लावली.

पुन्हा मोजलं तेव्हा डावीकडे ४२० आणि १६५ आले. दोन्ही चाकांचं गुणोत्तर अडीचच्या थोडं वर, आणि एकमेकांशी जुळतं.

यानंतरची परीक्षा टाकाऊ फितीवर. भरलेलं रीळ डावीकडे, मग उजवीकडे. पुढे पळवून थांबवणं, मागे आणून थांबवणं. फीत संपत आली असताना तेच. शेवटची परीक्षा जॉबरने सुचवली : चालत्या यंत्राचा प्लगच काढून बघा. भिवंडीत विजेचं येणं-जाणं मोठा काळ रोजचं होतं. २००७मध्ये शहराचं वीज-वितरण खासगी कंपनीकडे गेलं, इतका तो प्रश्न मोठा. वीज जाते तेव्हा माग कसा थांबतो, हे इथला माणूस आधी बघतो. फीत पूर्ण वेगात मागे येत असताना त्याने प्लग उपटला. दोन्ही चाकं थांबली. फीत डोक्यांसमोर सरळ, सैल नाही, ताठ नाही.

*

एवढा खटाटोप एका घरच्या रिळासाठी कशाला, असं कोणी विचारेल. मराठीतलं बरंच काही अशाच फितींवर आहे. मुंबईच्या खेतवाडीत निसर्गदत्त महाराज मराठीतून बोलत. टेपवर घेतलेल्या त्या संवादांवरून मॉरिस फ्रीडमन यांनी ‘आय ॲम दॅट’ हे इंग्रजी पुस्तक तयार केलं आणि १९७३मध्ये ते प्रसिद्ध झालं. मूळ बोलणं मराठी, जगाने वाचलं इंग्रजीतून, मधला दुवा टेप. संगीताच्या अभ्यासकांनी केलेली मुद्रणं एकत्र जपली जावीत म्हणून अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजने १९८२मध्ये पुण्यात संग्रह-केंद्र सुरू केलं. ते पुढे दिल्लीकडे हललं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहालयाने तर ‘डेडलाइन २०२५’ म्हणून इशारा दिला होता : फिती संगणकावर उतरवून घेण्याची मुदत संपत आहे. युनेस्कोनेही २०१९मध्ये चुंबकीय फितींसाठी जगभर पाहणी हाती घेतली. या इशाऱ्यांत फितीच्या आयुष्याइतकाच भर यंत्रांवर आहे. फीत टिकेलही, ती सुरक्षित वाजवणारं यंत्र आणि ते नीट ठेवणारा माणूस टिकेल का, हा प्रश्न आहे.

संस्थांच्या संग्रहात जे आहे त्याची काळजी कोणीतरी घेतं. पत्र्याच्या डब्यांत जे आहे ते कुठल्याच यादीत नाही. हळदीची गाणी कोणी लिहून ठेवत नाही, गाणाऱ्या बायकांची नावं तर नाहीच. आणि डबा सापडला की घरचे लोक मिळेल त्या यंत्रावर फीत लावतात. पहिल्याच थांबवण्यात ती ताणली गेली, तर उरलं होतं तेही जातं.

*

रविवारी दुपारी माग बंद असताना आम्ही रीळ लावलं. ठरलं असं होतं, की फीत एकदाच, सलग, न थांबवता वाजवायची आणि त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्यायची. नंतर हवी तेवढी प्रत ऐकावी. बाई, त्यांचा चुलतभाऊ, घरातली मुलं गोळा झाली. बाईंच्या खाला, वय ऐंशीच्या पुढे, पलंगावर बसून होत्या. न थांबवण्याचं आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं. खालांना सांगायचं राहिलं.

आधी नुसता गलका ऐकू आला : भांडी, लहान मुलाचं रडणं, कोणाला तरी मारलेली हाक. मग टाळ्या, आणि आठ-दहा बायकांचं एकत्र गाणं. बाई पुढे झुकून ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की त्या एकेक आवाज वेगळा करू पाहत आहेत आणि तो होत नाही.

खालांनी हात वर केला. ‘थांबव रे.’

मी क्षणभर बाईंकडे पाहिलं आणि बटण दाबलं. चाकं थांबली. फीत जागच्या जागी राहिली.

‘जी आधी सुरू करते ना, बाकीच्या मागून येतात,’ खाला बाईंना म्हणाल्या, ‘ती तुझी आई.’

बाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी मला मानेने खूण केली. मी फीत पुन्हा सुरू केली. गाणं जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे गेलं, आणि पुढच्या कडव्याला एक आवाज इतरांच्या आधी आला.